ब तुकडीचा लेफ्ट टॅकल

माझ्या एकुलत्या एका पोराला मी ब तुकडीत बसवलं, तेही माइकवरून, भरल्या हॉलमध्ये. दुसऱ्या कुठल्या बाईने त्याला असं म्हटलं असतं तर मी तिला तिथल्या तिथे झापलं असतं. पण ती बाई मीच होते, त्यामुळे वर दात काढून हसलेही.

झालं असं की कॅनडात, मिसिसागातल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये आमच्या मंडळाची एप्रिलमधली जयंती होती. सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडेच असतं, कारण माझा आवाज मोठा आहे आणि मला गप्प बसवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मुलांचा सत्कार होता. एकीला मेडिकलला ॲडमिशन मिळाली होती, एक जण वकिलीची परीक्षा पास झाला होता, एकीला मोठी स्कॉलरशिप होती. टाळ्या झाल्या, फुलं झाली, फोटो झाले. तेवढ्यात आमचे अध्यक्ष खालूनच म्हणाले, ताई, तुमचाही मुलगा आलाय ना, त्याचंही सांगा काहीतरी. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचा फुटबॉल खेळतो. पण ब तुकडीत बरं का." सगळा हॉल हसला. पोरगा मागे जेवणाच्या टेबलांपाशी उभा होता, सकाळपासून खुर्च्या मांडून दमलेला. सगळे हसले म्हणून तोही हसला.

त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. पण तुकडी हा शब्द त्याने कधी ऐकलेला नव्हता. परत जाताना गाडीत त्याने बाबांना विचारलं की हे तुकडी काय असतं. नवरा माझा सरळ माणूस, विचारलं की सांगतो. त्याने सांगितलं की आमच्या शाळांमध्ये हुशार मुलांचा वर्ग म्हणजे अ तुकडी, त्याच्या खालची ब, मग क, मग ड. पोराने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "सो आय ॲम बी."

मी म्हटलं, अरे गंमत केली रे. घरी आल्यावर त्याने ताट वाढून घेतलं आणि बेसमेंटमध्ये जाऊन जेवला. सुट्टी संपवून तो परत गेला तेव्हा एअरपोर्टवर बाबांना मिठी मारली आणि मला नुसताच हात केला.

आता हे ब तुकडीचं प्रकरण नीट सांगते. इथलं फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं नव्हे. लांबट बॉल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि अंगावर धावून येणारी माणसं. देशभरातल्या युनिव्हर्सिट्यांचे प्रांतांप्रमाणे गट पाडलेत, त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. आमच्या ऑन्टॅरियोची कॉन्फरन्स मोठी, दणदणीत, स्टेडियमं मोठी, कोच मोठे. पूर्वेला अटलांटिकच्या किनाऱ्यावरची कॉन्फरन्स एवढीशी. छोट्या गावांतल्या मोजक्या टीम्स, त्याच त्या आपसात खेळत बसतात. नोव्हेंबरमध्ये एकेका कॉन्फरन्सचे चॅम्पियन सेमीफायनलला एकमेकांसमोर येतात. अटलांटिकचा चॅम्पियन तिथे पाहुण्यासारखा येतो, मार खातो आणि घरी जातो, असं इकडे सगळेच म्हणतात. मीही म्हणायची.

बारावीत असताना पोरासमोर दोन रस्ते होते. घरापासून गाडीने जाता येईल अशी एक मोठी युनिव्हर्सिटी, मोठ्या कॉन्फरन्समधली. तिथला कोच म्हणाला, टीममध्ये घेतो, पण मैदानावर कधी उतरवीन ते सांगता येत नाही, तिसऱ्या वर्षी वगैरे बघू. दुसरी समुद्राकाठची छोटी युनिव्हर्सिटी. तिथल्या कोचने तीनदा फोन केला आणि म्हणाला, पहिल्या वर्षापासून खेळवतो. माझं मत पक्कं होतं. अ तुकडीत शेवटच्या बाकावर बसायला मिळालं तरी अ तुकडीच घ्यायची. पोरगा म्हणाला, मॉम, मला खेळायचंय, बसायचं नाहीये. महिनाभर घरात भांडण चाललं. शेवटी तो गेला समुद्राकाठी, आणि मी एअरपोर्टवर रडले ती दुःखाने कमी आणि रागाने जास्त.

त्याची जागा म्हणजे लेफ्ट टॅकल. चार वर्षांत त्याच्या हातात बॉल आलेला मी एकदाही पाहिला नाही. बॉल फेकणारा असतो तो क्वार्टरबॅक. तो फेकायला उभा राहिला की त्याच्या पाठीमागून, डाव्या अंगाने, समोरच्या टीमचा एक राक्षस धावून येतो. त्या राक्षसाच्या आणि क्वार्टरबॅकच्या मधे उभं राहायचं, एवढंच माझ्या मुलाचं काम. नीट केलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, चुकलं तर साऱ्या स्टेडियमला दिसतं. मंडळातले लोक मला विचारायचे, यंदा किती गोल केले हो तुमच्या मुलाने? पहिल्या वर्षी मी समजावून सांगितलं की यात गोल नसतात. दुसऱ्या वर्षापासून म्हणायला लागले, बरेच.

खरं तर या वरच्या-खालच्याची अक्कल मला ऑफिसातच यायला हवी होती. एअरपोर्टजवळ एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी काम करते, कुठला ट्रक कुठल्या दारावर लावायचा ते ठरवते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा वेडा आहे. सोमवारी सकाळी कॉफी हातात घेऊन तो मला शनिवारच्या सगळ्या मॅचेस ऐकवतो. त्याच्याकडून कळलं की तिकडेही हीच तऱ्हा आहे. वरच्या कॉन्फरन्स एकदम राजेशाही, त्यांच्या खालोखाल मधल्या. मधल्या कॉन्फरन्समधली एखादी टीम वर्षभर एकही मॅच न हरता आली तरी तिला विचारतात, जिंकलात खरं, पण खेळलात कोणाशी? मी म्हटलं, मग मोठ्यांशी खेळायचं ना. तर म्हणे मोठे त्यांच्याशी खेळायला तयारच होत नाहीत. जिंकले तर कोणी कौतुक करणार नाही आणि हरले तर नाक कापलं जाईल. मी विचारलं, मग त्या बिचाऱ्यांनी सिद्ध करायचं तरी कसं? त्याने खांदे उडवले आणि म्हणाला की ते सिद्ध करतच नाहीत, तसंच चालतं.

आणि गंमत म्हणजे त्याच्या हिशेबी आमची ऑन्टॅरियोची कॉन्फरन्ससुद्धा कुठेच नव्हती. कॅनडात युनिव्हर्सिटीचं फुटबॉल असतं हेच अमेरिकेत कोणाला ठाऊक नाही, म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ज्या अ तुकडीसाठी मी पोटच्या पोराशी महिनाभर भांडले, ती या बाबाच्या लेखी बालवाडी निघाली. दिवसभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. पण स्वतःशीही काही बोलले नाही, तिथेच माझं चुकलं.

जयंतीनंतरच्या त्या सीझनला, म्हणजे पोराच्या चौथ्या आणि शेवटच्या वर्षी, त्याची टीम अटलांटिकची चॅम्पियन झाली. सेमीफायनल ऑन्टॅरियोच्या चॅम्पियनशी, त्यांच्याच मैदानावर. आणि ते मैदान कोणाचं, तर ज्यांनी माझ्या मुलाला तिसऱ्या वर्षी बघू म्हटलं होतं त्यांचंच. फोन आला तो बाबांना. बाबांनी स्पीकरवर टाकला, मी कणीक मळत ऐकत होते.

पोराने सगळं सांगितलं. एका प्रोफेशनल टीमच्या स्काऊटने, म्हणजे नवे खेळाडू शोधत फिरणाऱ्या माणसाने, त्याचे व्हिडिओ पाहिले होते. काम छान आहे म्हणाला होता, पण पुढे एकच प्रश्न, याच्यासमोर होतं कोण? आता शनिवारी समोर जो येणार होता तो त्या मोठ्या कॉन्फरन्सचा सगळ्यात भारी खेळाडू, आणि तो नेमका लेफ्ट टॅकलच्याच अंगावर येतो. स्काऊट ती मॅच बघायला येणार होता. पोराने त्या खेळाडूला अडवलं तर प्रोफेशनल टीमच्या कॅम्पला बोलावणं. नाही अडवलं तर शनिवारी संध्याकाळी फुटबॉल कायमचं संपलं, सोमवारपासून नोकऱ्यांना अप्लाय करायचं. सातवीपासून त्या पोराने दुसरं काही मागितलेलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "डॅड, यू कमिंग?"

मॉमचं नाव नाही. मी कणकेचे हात तसेच धरून उभी राहिले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाला, आम्ही दोघं येतोय.

शनिवारी सकाळी थर्मासमध्ये चहा भरला, ब्लँकेटं घेतली, मंडळातलं एक कुटुंब आमच्या मागे त्यांच्या गाडीतून निघालं. हायवेला लागलो आणि मी सुरू झाले. भीती वाटली की मला बोलायला लागतं, आणि जे बोलू नये तेच मी बोलते. म्हटलं, ऐकलं असतं माझं तर आज हेच त्याचं स्वतःचं मैदान असतं. इथेच चार वर्षं काढली असती तर कोणी विचारलं नसतं की समोर कोण होतं. त्या एवढ्याशा कॉन्फरन्समध्ये कोणाला अडवलं त्याने, कोळ्यांच्या पोरांना? बोलतच राहिले.

नवरा माझा म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात पंधरा वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्याला ऐकायची सवय आहे. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू पण ब मध्येच होतीस की. पाचवीत, सहा महिने."

बाप्पा. लग्नाच्या पहिल्या वर्षी केव्हातरी मी त्याला सांगितलं होतं, आणि सांगून स्वतःच विसरले होते. विसरले म्हणजे काय, विसरायचंच ठरवलं होतं. त्यानंतर आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की मी पहिल्यापासून अ तुकडीतली.

नागपुरात आमच्या वस्तीतली शाळा चौथीपर्यंतच होती. चौथीत मी पहिली आले आणि पाचवीला मोठ्या शाळेत नाव घातलं. तिथल्या बाईंनी माझं प्रगतिपुस्तक बघितलं, मार्क बघितले, मग शाळेचं नाव आणि पत्ता वाचला आणि चेहराच बदलला. म्हणाल्या, हे मार्क तिकडचे आहेत, इकडे टिकणार नाहीत. ब मध्ये घाला. मी ब मध्ये बसले. माझे बाबा गिरणीत कामाला होते. सहामाहीच्या वेळी ते गिरणीच्या कपड्यांतच हेडमास्तरांकडे गेले आणि हात जोडून एवढंच म्हणाले की माझ्या मुलीला अ तुकडीच्या मुलींबरोबर बसवा, त्यांचाच पेपर द्या, मग काय ते ठरवा. हेडमास्तर भला माणूस होता, बसवलं मला. मी दुसरी आले. दिवाळीनंतर माझं दप्तर अ तुकडीत गेलं.

सहा महिने मी घरी येऊन आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होते की माझे मार्क खोटे का म्हणतात. आणि तीच मी, बेचाळीस वर्षांनी, मिसिसागातल्या हॉलमध्ये माइक धरून पोराच्या तीन वर्षांचा पत्ता वाचून तोंड वाकडं करते. त्या बाईंनी निदान वर्गात म्हटलं होतं, मी सत्काराच्या कार्यक्रमात म्हटलं. गाडीत मला माझीच इतकी लाज वाटली की काच खाली करून थंड वारा घेतला. नवऱ्याने हीटर तेवढा वाढवला.

स्टेडियम भरलेलं होतं. समोरच्या बाजूला त्यांचे विद्यार्थी, अर्धे उघडे, अंगाला रंग फासलेले, त्या थंडीत. आमच्या बाजूला थोडे आईबाप, समुद्राकाठच्या गावातून बस करून आलेली शेपन्नास माणसं आणि आम्ही. मंडळातल्या वहिनींनी बसल्या बसल्या विचारलं, आपली टीम कुठली? मी सांगितलं पांढऱ्या शर्टाची. आमच्या दोन रांगा खाली एक माणूस एकटाच बसला होता, मांडीवर वही, हातात पेन्सिल. मला कोणी सांगायला नको होतं. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

मॅच सुरू झाली आणि तो त्यांचा राक्षस बघितला. माझ्या पोराहून उंच, आणि वर धावायला हलका. पहिल्याच वेळी तो असा आला की पोरगा चार पावलं मागे सरकला. क्वार्टरबॅकने कसाबसा बॉल फेकून दिला. समोरचे विद्यार्थी एका सुरात ओरडायला लागले की तुम्ही आहात कोण. तेच तेच, टाळ्या वाजवत. मला वाटलं खाली उतरावं आणि एकेकाला सांगावं.

पण मग पोराचा जम बसला. दुसऱ्या वेळी त्याने राक्षसाला बाहेरून फिरू दिलं आणि लांबवर ढकलून दिलं. तिसऱ्या वेळी छातीवर घेतलं. लोखंडी कपाट एकट्याने हलवताना माणूस कसा बारीक बारीक पावलं टाकतो, तशी त्याची पावलं पडत होती. तो डावीकडून आला, उजवीकडून आला, गिरकी घेऊन आला, हा आपला समोर हजर. आमची टीम पुढे गेली, त्यांनी बरोबरी केली, आमची परत पुढे गेली. ओरडणारे विद्यार्थी हळूहळू थंडीचे कपडे शोधायला लागले. मी वहीवाल्याकडे बघत होते, तो सारखा लिहीत होता. काय लिहितोय ते दिसेना म्हणून मी इतकी वाकले की ब्लँकेट पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये घात झाला. राक्षसाने बाहेर जायचा बहाणा केला आणि आतून घुसला. पोराचा हात नुसता हवेत राहिला. क्वार्टरबॅक आडवा, बॉल सुटला, त्यांनी उचलला आणि पळत जाऊन पॉइंट केले. सगळं स्टेडियम उभं राहिलं. खाली पेन्सिल चालली होती, आणि मला वाटलं, झालं, लिहिलं त्याने. सातवीपासूनचं सगळं त्या एका ओळीत गेलं.

पोरगा गुडघ्यावर होता. उठला, क्वार्टरबॅकला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर त्यावर नखं उमटली होती. त्यानंतर त्या राक्षसाला आमच्या क्वार्टरबॅकचा शर्टसुद्धा शिवता आला नाही. खरं सांगते, एकदाही नाही. शेवटी शेवटी तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता आणि माझा पोरगा वाकून तयार उभा होता, ये म्हणून.

शेवटच्या मिनिटात दोघांचे पॉइंट सारखे होते आणि बॉल त्यांच्याकडे. तिथे आमच्या टीमच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे जे समोरच्याला पाडायला धावतात त्यांच्यातून, एक लालसर केसांचा सडपातळ मुलगा असा सुटला की त्यांचा क्वार्टरबॅक बॉलसकट खाली. बॉल आमच्याकडे आला. घड्याळात काही सेकंद उरले होते. आता लांबून किक मारून बॉल दोन उभ्या खांबांच्या मधून घालायचा, एवढंच हातात होतं. अंतर खूप होतं, पण वारा आमच्या पाठीशी होता.

किक अडवायला राक्षस परत माझ्या मुलासमोर येऊन उभा राहिला. आला, आदळला, आणि पोरगा जागचा हलला नाही. किक गेली वर, उंच. आणि खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली.

समोरची बाजू नाचायला लागली. वहिनी म्हणाल्या, अरेरे, चुकला की हो, आणि डोक्याला हात लावून बसल्या. नवऱ्यानेही डोळे मिटले. मी मात्र उभीच होते. मला खोड आहे, जे काही करायचं त्याचा आधी अभ्यास करायचा, आणि या खेळाच्या नियमांचा मी चार वर्षं अभ्यास केला होता, पोराशी भांडायला उपयोगी पडेल म्हणून. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये चुकलेल्या किकचाही एक मार्क असतो. बॉल खांबांमागच्या मोकळ्या जागेतून शेवटच्या रेषेपलीकडे गेला पाहिजे, किंवा त्यांना तो तिथून बाहेर काढता आला नाही पाहिजे. त्यांचा एक खेळाडू जीव खाऊन मागे पळत होता. बॉल पडला, एक टप्पा, दुसरा टप्पा, त्याच्या बोटांना लागता लागता निसटला आणि रेषेच्या बाहेर.

मी जी किंचाळले ती त्या मैदानाला अजून आठवत असेल. वहिनींना मी गदागदा हलवत होते, एक मिळाला, एक मिळाला म्हणत होते, आणि त्यांना वाटत होतं की मला भोवळ येतेय. मग बोर्डावरचा आकडा बदलला. एका पॉइंटने जिंकलो. समुद्राकाठची ती शेपन्नास माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, एक म्हातारे आजोबा मला ओळखत ना पाळखत, माझे दोन्ही हात धरून रडत होते. जी टीम मार खायला येते म्हणायचे ती जिंकली होती, अ तुकडीच्या वर्गात, त्यांच्याच पेपरला.

मी पायऱ्या उतरून धावत खालच्या कठड्यापाशी गेले. पोरगा हेल्मेट काढून येत होता, थंडीत त्याच्या डोक्यातून वाफा निघत होत्या, हनुवटीला रक्त. मला बघून थबकला. मी आलेय हे त्याला ठाऊक होतं, पण कशी आलेय ते ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं. माइकवर बोलले ते चुकलं, आणि चार वर्षं मनात बोलत होते तेही चुकलं."

"इट्स ओके, मॉम."

"ओके नाहीये."

त्याने हनुवटीचं रक्त बाहीने पुसलं. मग म्हणाला, "नो. इट वॉजन्ट ओके." आणि हसला, लहानपणी हसायचा तसा पूर्ण तोंडभर, आणि कठड्यावरून हात टाकून मला कोटासकट उचललं. माझे पाय हवेत, अंगाला सगळा चिखल आणि घाम, आणि मी मोठमोठ्याने रडत होते. मागून नवरा म्हणत होता, अरे तिची कंबर, तिची कंबर.

तेवढ्यात वहीवाला आला. मला खाली ठेवलं गेलं. मी बाजूला व्हायला हवं होतं, झाले नाही. त्याने पोराचा हात हातात घेतला. म्हणाला की त्या समोरच्या मुलाला त्याने या सीझनमध्ये बऱ्याचदा पाहिलंय, दर मॅचमध्ये तो समोरच्याचं जिणं हराम करतो, आज फक्त एकदाच जमलं त्याला. कॅम्पचं बोलावणं येईल, फोन चालू ठेव, म्हणाला. पोरगा येस सर म्हणाला. मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग जाता जाता त्या माणसाने एक प्रश्न विचारला, सहज, बोलायचं म्हणून. मैदानापलीकडे तो राक्षस हेल्मेट हातात घेऊन उभा होता, त्याच्याकडे मान करून म्हणाला की आजवर ज्यांच्यासमोर खेळलास त्यांत सगळ्यात अवघड हाच ना?

पोराने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला की तो चांगला आहे, खूपच चांगला आहे. पण सगळ्यात अवघड तो नाही. आणि मैदानाच्या मध्यावर गुडघ्यांवर बसून एकटाच बुटांची नाडी सोडत असलेल्या त्या लालसर केसांच्या मुलाकडे त्याने बोट केलं.

"हिम," तो म्हणाला. "एव्हरी ट्यूजडे, ॲट प्रॅक्टिस. फोर इयर्स."

त्या माणसाने एकदा पोराकडे बघितलं, एकदा त्या मुलाकडे. मग वहीचं नवं पान उघडलं, त्या मुलाचं नाव विचारून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं, आणि कठडा ओलांडून त्याच्याकडे चालायला लागला.